एमा न आवडण्याचा प्रश्न

जेन ऑस्टिन यांची ‘एमा’ ही कादंबरी डिसेंबर १८१५ मध्ये लंडनचे प्रकाशक जॉन मरे यांनी प्रसिद्ध केली. आपल्याशिवाय कोणालाही फारशी आवडणार नाही अशी नायिका आपण निवडत आहोत, असे लेखनाच्या प्रारंभी ऑस्टिन म्हणाल्याचे त्यांच्या भाच्याने पुढे लिहिलेल्या चरित्रात नमूद आहे. हा अंदाज कितपत खरा ठरला याचा पुरावा ऑस्टिन यांनी स्वतःच जपला, कारण आप्तांचे आणि परिचितांचे अभिप्राय त्यांनी टिपून ठेवले होते. त्यांची भाची फॅनी नाइट हिला एमा मुळीच सहन झाली नाही, एका परिचित बाईंनी नायिकेच्या रूपाने स्त्रियांचे दोष चव्हाट्यावर आणल्याची तक्रार केली, तर नौदलात असलेले भाऊ चार्ल्स यांनी एकाच सागरप्रवासात ती तीनदा वाचून काढली.

मतांची ही फाटाफूट केवळ आवडीनिवडीची नव्हे, तिचे मूळ कथनाच्या घडणीत आहे. एमा वुडहाउस ही हायबरी गावातली सधन, बुद्धिमान, पण कोणी अडवणारे नसलेली तरुणी असून इतरांची लग्ने जुळवणे हा तिचा छंद आहे. रॉबर्ट मार्टिन या शेतकऱ्याची मागणी एमाची मैत्रीण हॅरिएट स्मिथ हिला मनातून हवीशी असूनही ती एमाच्या दडपणामुळे नाकारते. येथे ऑस्टिन ज्या तंत्राचा वापर करतात, त्यात वाक्य निवेदकाचे असते, पण विचार आणि सूर पात्राचा असतो, आणि ‘तिला वाटले’ असे सांगितले जातेच असे नाही. त्यामुळे वाचक एमाच्या डोळ्यांनी पाहतो, तिच्याबरोबर फसतो, आणि फसल्याचे उमगल्यावर कोणी तिच्यावर संतापतो, तर कोणी तिच्यात स्वतःला ओळखतो.

याची कसोटी बॉक्स हिल या टेकडीवरील सहलीत लागते. तेथे एक खेळ ठरतो: प्रत्येकाने एक फार चतुर, दोन बऱ्यापैकी किंवा तीन अगदी नीरस गोष्टी सांगायच्या. नीरस गोष्टी आपल्याला सहज जमतील, असे बडबड्या, अविवाहित, हलाखीत दिवस काढणाऱ्या मिस बेट्स हसत म्हणताच, एका वेळी तीनच सांगण्याचे बंधन त्यांना जड जाईल, असा टोमणा एमा मारते. मिस बेट्सना तो उशिरा कळतो, त्या रागावत नाहीत, उलट आपलेच काही चुकले असावे असे समजतात. आणि नेमके हेच वाचकाला सर्वाधिक बोचते. पुढे एमाचे जुने स्नेही नाइटली तिला खडसावतात तेव्हा त्यांचा मुद्दा हाच असतो, की मिस बेट्स तिच्या बरोबरीच्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. गरिबीत उतरलेल्या बाईची चारचौघांत थट्टा करणे हा अन्याय आहे. एमा घरी जाताना वाटभर रडते आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस बेट्सकडे जाते.

एमाला निर्दोष ठरवणारे वाचन कादंबरीला न्याय देत नाही, आणि तिला केवळ गर्विष्ठ म्हणून निकालात काढणारेही देत नाही. एमाच्या रागापायी ज्यांनी हे पुस्तक अर्ध्यावर मिटले असेल, त्यांनी निदान या भेटीपर्यंत तरी वाचावे आणि मगच आपले मत ठरवावे.