सर्व्हर डाऊन : नशीब नव्हे, व्यवस्था!

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. घाटाखालच्या एका खेड्यातील आमच्या ओळखीच्या वहिनी मुलीला घेऊन तालुक्याच्या गावी आल्या. मुलीच्या शिक्षणाचा एक अर्ज ऑनलाईन भरायचा होता आणि मुदत दोन दिवसांवर आली होती. निंदणाचे दिवस. वहिनींनी त्या दिवसाची मजुरी बुडविली. एसटीत महिलांना अर्धे तिकीट असले तरी दोघींचे जाण्यायेण्याचे पैसे लागलेच. सकाळी दहापासून त्या केंद्रावर बसून होत्या. पडद्यावरचे ते गोल चाक फिरत होते. चार वाजता केंद्रचालकाने हात टेकले. "सर्व्हर डाऊन आहे. उद्या या."

संध्याकाळी दोघी आमच्या घरी आल्या. मुलगी रडवेली झाली होती. "काका, ते तं नुसतं गरगर फिरून राहिलं. माहा फारम भरल्या जाईन का नाही?" वहिनी म्हणाल्या, "आपल्या नशिबातच नाही भाऊजी, दुसरं काय!"

नशीब! या शब्दाने आम्ही बेचैन झालो. पूर्वी 'उद्या या' असे खिडकीपलीकडचा माणूस सांगत असे. त्याच्याशी निदान भांडता येत होते. आता तेच वाक्य यंत्राच्या नावाने सांगितले जाते आणि आपली माणसे मुकाट्याने परत फिरतात. परंतु सर्व्हर बंद पडणे हा पूर, वादळासारखा प्रकार नाही. त्याला कारण असते. ते शोधता येते, मोजता येते आणि बहुतेक वेळा दुरुस्तही करता येते. म्हणून हा विषय घरातील सर्वांनी समजून घ्यावा, असे आम्हास वाटते.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर म्हणजे दुसरे तिसरे काही नसून एक संगणकच होय. फरक इतकाच की तो रात्रंदिवस चालू असतो आणि इतरांनी मागितलेली माहिती पुरवितो. आपण मोबाईलवर संकेतस्थळ उघडतो तेव्हा मागणी त्याच्याकडे जाते आणि उत्तर आपल्याकडे येते. जगातले पहिले संकेतस्थळ टिम बर्नर्स-ली यांनी युरोपातील सर्न या संशोधन संस्थेत तयार केले. त्यांच्या टेबलावरील संगणकच सर्व्हर होता. कोणी चुकून बटण बंद करू नये म्हणून त्यावर लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी चिकटविली होती : हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका! १९९१ साली संपूर्ण वेबचा सांभाळ त्या एका चिठ्ठीवर चालला होता. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत.

आज शेकडो सर्व्हर एकाच इमारतीत थंड हवेत ठेवलेले असतात. त्याला डेटा सेंटर म्हणतात. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, म्हणजेच एनआयसीची, अशी मोठी केंद्रे दिल्ली, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर येथे आहेत. आपल्या बुलडाणा जिल्ह्याचे अधिकृत संकेतस्थळ एनआयसीच्याच 'एस-थ्री-वॅस' या व्यवस्थेवर उभे आहे. पूर्वी प्रत्येक जिल्ह्याचे संकेतस्थळ वेगळे, त्याची बांधणी वेगळी आणि डागडुजीही वेगळी. आता देशभरातील जिल्ह्यांसाठी साचा एक, सुरक्षा एक. जिल्हा कार्यालयाने फक्त मजकूर भरायचा. सर्व्हर सांभाळण्याचे काम त्यातील जाणकारांकडे. तेरा तालुक्यांच्या जिल्ह्याने स्वतंत्र यंत्रणा उभारण्यापेक्षा हे स्वस्त आणि खात्रीचे आहे.

गर्दी आणि खिडकी

मग सर्व्हर 'डाऊन' का होतो? पहिले कारण गर्दी. जुन्या पद्धतीत येणाऱ्या प्रत्येक मागणीसाठी सर्व्हर जणू एक स्वतंत्र कारकून बसवीत असे. शंभर माणसे आली की शंभर कारकून. दहा हजार आली तर? बसायला जागाच उरत नाही. संगणकाची स्मरणशक्ती, म्हणजे मेमरी, संपते आणि सगळेच ठप्प होते. एकाच वेळी दहा हजार मागण्या कशा सांभाळायच्या, हा प्रश्न १९९९ मध्ये डॅन केगेल या अभियंत्याने जगापुढे मांडला. रशियातील इगोर सिसोएव्ह यांनी २००२ मध्ये त्यावर काम सुरू केले आणि २००४ मध्ये 'एन्जिनएक्स' हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी मोफत खुले केले. त्यातील युक्ती साधी आहे. एका माणसाला फॉर्म द्यायचा आणि तो भरीपर्यंत रिकामे न बसता पुढच्याचे काम घ्यायचे. थोडेच कारकून, पण कोणी खोळंबून नाही. आज जगातील फार मोठ्या संख्येने संकेतस्थळे याच सॉफ्टवेअरवर चालतात.

त्यापुढची साधने म्हणजे भार वाटणारी यंत्रणा. ती एका सर्व्हरवरची गर्दी चार सर्व्हरांवर वाटून देते. क्लाऊड पद्धतीत गर्दी वाढली की जादा सर्व्हर जोडता येतात आणि ओसरली की कमी करता येतात. लग्नसराईत आगाराने जादा गाड्या सोडाव्यात तसे. शिवाय 'कॅश' नावाची सोय असते. जे उत्तर सर्वांना सारखेच द्यायचे आहे ते एकदा तयार करून हाताशी ठेवायचे, दर वेळी कपाट उघडायचे नाही.

हे सर्व न झाल्यास काय होते ते आपण पाहिले आहे. १६ जुलै २०२१ रोजी दहावीचा निकाल जाहीर झाला. कोरोनामुळे परीक्षा झाली नव्हती, निकाल अंतर्गत मूल्यमापनावर होता. राज्यात सुमारे पावणेसोळा लाख विद्यार्थी. दुपारी एक वाजता सर्वांनी एकदम संकेतस्थळ उघडले आणि ते कोलमडले. कित्येक तास मुले मोबाईल हातात घेऊन बसली होती. शिक्षणमंत्र्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्याआधी २८ एप्रिल २०२१ रोजी अठरा वर्षांवरील सर्वांसाठी लसीची नोंदणी खुली झाली, तेव्हा 'कोविन' सुरुवातीला अडखळले. पण ते लवकर सावरले आणि पहिल्याच दिवशी सव्वा कोटीहून अधिक लोकांची नोंदणी झाली. गर्दी दोन्हीकडे प्रचंड होती. फरक पडला तो ती पेलण्याच्या क्षमतेत. नंतरच्या वर्षांत दहावीचा निकाल अनेक संकेतस्थळांवर व डिजिलॉकरवरही मिळू लागला. गर्दी विभागली आणि काम सुकर झाले.

येथे एक बारकावा लक्षात घेतला पाहिजे. निकाल दाखविणे त्या मानाने सोपे, कारण तो आधीच तयार असतो. अर्ज भरून घेणे अवघड, कारण प्रत्येक अर्जाची नवीन नोंद डेटाबेसमध्ये, म्हणजे मुख्य खातेवहीत, करावी लागते. खातेवहीत एकाच वेळी हजार हात लिहू लागले तर गोंधळच होणार. म्हणून तेथे रांग लागतेच. ही रांग नीट लावणे, खातेवहीची अनुक्रमणिका नीट ठेवणे आणि मुदतीपूर्वी खोटी गर्दी करून सर्व्हरची परीक्षा घेणे, यासाठी आज चांगली साधने आहेत. त्यातील कित्येक मोफत आहेत. प्रश्न फक्त ती वेळेवर वापरण्याचा आहे.

आमच्याच संकेतस्थळाची फजिती

दुसऱ्याला बोल लावण्यापूर्वी आमची गोष्ट सांगतो. आम्ही काही मंडळी मिळून एक अभ्यासिका चालवितो. आमच्यातील एका होतकरू मुलाने 'वर्डप्रेस' या मोफत सॉफ्टवेअरवर अभ्यासिकेचे संकेतस्थळ तयार केले. नोकरभरतीच्या जाहिराती, अर्जांच्या तारखा, कार्यक्रमांचे फोटो असे सगळे त्यावर टाकले. आम्ही खूष होतो. पण खेड्यातील मुले सांगू लागली, "काका, तुमची साईट उघडतच नाही."

तेव्हा आम्ही हिशेब मांडला. पहिल्या पानावर चौदा फोटो होते. मोबाईलवरून काढून जसेच्या तसे टाकलेले, प्रत्येकी सुमारे ५ एमबी. चौदा पंचे सत्तर, म्हणजे ७० एमबी. खेड्यात सेकंदाला १ मेगाबिट वेग मिळाला, तर एक एमबीला आठ सेकंद लागतात. सत्तर गुणिले आठ, ५६० सेकंद. म्हणजे नऊ मिनिटांहून अधिक! एखादी जाहिरात वाचण्यासाठी मुलाने नऊ मिनिटे थांबायचे आणि वर डेटापॅक संपवायचा. दोष सर्व्हरचा नव्हता, आमचा होता.

मग आम्ही साधने शोधली. गुगलचे 'पेजस्पीड इनसाइट्स' हे मोफत साधन पानाची तपासणी करून शंभरपैकी गुण देते आणि कोठे चुकले तेही सांगते. आम्हाला २३ गुण मिळाले, म्हणजे सपशेल नापास. 'स्क्वूश' नावाच्या दुसऱ्या मोफत साधनाने आम्ही फोटोंचा आकार कमी केला आणि ते 'वेबपी' या हलक्या प्रकारात बदलले. एकेक फोटो सुमारे १०० केबीवर आला. सर्व चौदा मिळून १.४ एमबी, त्याच वेगाने साधारण अकरा सेकंद. शिवाय वाचक खाली सरकेल तसेच पुढचे फोटो उतरतील अशी सोय केली. त्यामुळे पहिले तीन फोटो अडीच सेकंदांत दिसू लागले. पैसा एकही लागला नाही. लागले ते दोन रविवार.

आणखी एक खोड मोडली. जाहिरातीचे कागद स्कॅन करून पीडीएफ टाकण्याची आम्हाला सवय होती. ती फाईल जड असते, त्यात शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिहीन मुलांचे वाचक-सॉफ्टवेअर ती वाचू शकत नाही. आता आम्ही महत्त्वाचा मजकूर युनिकोड मराठीत टाईप करतो. तोच मजकूर काही केबींत मावतो.

कुलूप, पहारा आणि जादा चावी

एके दिवशी संकेतस्थळ उघडताच 'सुरक्षित नाही' असा इशारा येऊ लागला. पालक घाबरले. सुरक्षेच्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती आणि नूतनीकरण कोणी करायचे ते ठरलेच नव्हते. पूर्वी अशा प्रमाणपत्रासाठी दरवर्षी पैसे मोजावे लागत. २०१५ अखेर 'लेट्स एन्क्रिप्ट' या ना-नफा उपक्रमाने ते सर्वांना मोफत देण्यास सुरुवात केली. नूतनीकरणही आपोआप होते. आम्ही तेच घेतले.

पहाऱ्यासाठी 'अपटाईम कुमा' हे मोफत साधन बसविले. संकेतस्थळ बंद पडले की आमच्यापैकी दोघांच्या मोबाईलवर संदेश येतो. वाचकाने तक्रार करण्याआधी आम्हाला कळते. दर आठवड्याला संपूर्ण प्रत, म्हणजे बॅकअप, दुसऱ्या ठिकाणी ठेवतो. घराची जादा चावी शेजारी ठेवावी तसे. सर्व्हरच्या नोंदी वाचून दोष सुचविणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही आता आली आहेत. त्यांची मदत जरूर घ्यावी, पण त्यांना पासवर्ड देऊ नये आणि ती सांगतील ते तपासल्याशिवाय करू नये.

मुलामुलींसाठी वाट

आपल्या मुलांनी संगणक म्हणजे केवळ टायपिंग समजू नये. सर्व्हर सांभाळणे हा आज एक स्वतंत्र व्यवसाय आहे. बहुसंख्य सर्व्हर 'लिनक्स'वर चालतात. ती १९९१ मध्ये लिनस टोरव्हाल्ड्स यांनी सुरू केलेली, मोफत मिळणारी प्रणाली. जुना, टाकाऊ ठरविलेला संगणकही तिच्या सरावाला पुरतो. आयटीआयमधील 'कोपा' हा एक वर्षाचा अभ्यासक्रम दहावीनंतर करता येतो. त्यातून पाया पक्का होतो, पुढे सराव आपला आपण करायचा. नोकरीची हमी देऊन हजारो रुपये मागणाऱ्या क्लासवाल्यांपासून मात्र सावध राहावे.

आपण काय करावे?

मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत गर्दी उसळते, म्हणून अर्ज पहिल्या आठवड्यातच भरावा. हे सांगणे सोपे आहे, याची आम्हाला जाणीव आहे. उत्पन्नाचा दाखला उशिरा मिळाला तर गरिबाने लवकर अर्ज कसा भरायचा? म्हणून दाखल्यांची तयारी उन्हाळ्यातच करून ठेवावी. तरीही अडले तर पहाटे प्रयत्न करावा. प्रत्येक वेळी पडद्याचा फोटो तारीख-वेळेसह काढून ठेवावा. मुदत चुकली तर तोच पुरावा जोडून लेखी तक्रार करावी आणि मुदतवाढ मागावी. 'साईट चालत नव्हती' या तोंडी वाक्याला वजन नसते, तारीख आणि वेळ यांना असते.

त्या मुलीला आम्ही रात्री घरीच ठेवून घेतले. पहाटे साडेपाचला उठविले. चहा होईपर्यंत तिने स्वतःच्या हाताने अर्ज भरला. चाक दोनदा फिरले आणि अर्ज क्रमांक आला. तो तिने वहीत लिहून घेतला, त्याचा फोटोही काढला. मग तिने आम्हाला विचारले, "काका, हे सर्व्हर चालवणारे लोक कुठं शिकतात?"

वहिनी पहिल्या गाडीने निंदणाला परत गेल्या. मुलगी त्या रविवारी अभ्यासिकेत आली. तिला आम्ही एक जुना संगणक दिला आहे, त्यावर ती लिनक्स शिकत आहे.