नवा माऊस, जुना हात

उल्हासनगरच्या बाजारातून नवा माऊस आणावा, बदलापूरला घरी येऊन जोडावा, तर पडद्यावरचा बाण भलतीकडेच पळतो. माऊस बहुधा ठणठणीत असतो.

इंचभर सरकल्यावर माऊस जितक्या नोंदी पाठवतो, तितका त्याचा डीपीआय. जुना ८०० आणि नवा १६०० असेल, तर तेवढ्याच हालचालीत बाण दुप्पट धावतो. मेंदूने मात्र जुनाच हिशेब पाठ केलेला असतो. नेम चुकला की मेंदूतील अनुमस्तिष्क हा भाग त्या चुकीवरून पुढचा अंदाज सुधारतो. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी प्रिझममधून पाहत वस्तूकडे हात नेण्याचे प्रयोग केले. त्यात आधी हात चुकतो, मग जमतो. गंमत पुढेच आहे: प्रिझम काढल्यावर हात उलट दिशेला चुकतो!

मुंबईच्या ऑफिसात एक आणि अंबरनाथच्या घरी दुसरा माऊस वापरणाऱ्यांनी घाबरू नये. सरावाने मेंदू दोन्ही हिशेब सांभाळतो. विंडोजमधील ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ हा पर्याय मात्र बंद करून पाहा. तो सुरू असताना हाताच्या वेगानुसारही बाणाचे अंतर बदलते. आणि बाणाचा वेग एकदा ठरवलात की रोज बदलू नका.