ओटीपोटातील कळ आणि मनातील काळजी

बऱ्हाणपुरात लहानाच्या मोठ्या झालेल्या मुलीला मुमताजमहलची गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. तापीपलीकडे जैनाबादला गेले, की बरोबरचे वडीलधारे माणूस बोट दाखवून सांगते, की जिच्यासाठी ताजमहाल बांधला ती बेगम प्रथम येथे विसावली होती. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या अपत्याला जन्म देताना ती याच शहरात वारली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिचा देह आग्र्याकडे नेण्यात आला. लहानपणी ही गोष्ट रम्य वाटते. पुढे त्याच मुलीला दिवस राहतात, दुसऱ्या महिन्यात एखाद्या रात्री ओटीपोटात कळ येते, आणि मग ‘राणीसुद्धा वाचली नाही, तेथे माझी काय कथा?’ असा विचार मनात डोकावल्यावाचून राहत नाही.

अशा वेळी घरात काय घडते ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. सकाळी सासूबाई विचारतात, “काय गं, चेहरा का उतरलाय?” सून म्हणते, “काही नाही आई, झोप झाली नाही.” तीन महिने पुरे होईपर्यंत बाहेर वाच्यता करू नये, हा आपल्याकडचा जुना रिवाज. दृष्ट लागू नये, पुढे काही विपरीत झाले तर चारचौघांत दुःख उघडे पडू नये, असा त्यामागचा हेतू. हेतू वाईट नाही. परंतु बाहेर न बोलण्याचा हा नियम हळूहळू घरातही न बोलण्याचा होऊन बसतो, आणि ज्या काळात मनाला सर्वाधिक आधार हवा त्याच काळात ती बाई एकटी पडते. प्रस्तुत लेखाचे सांगणे एवढेच आहे, की काळजी दडवून कमी होत नाही. ती जाणून घेतल्याने आणि योग्य माणसाजवळ बोलल्याने कमी होते.

प्रथम ती कळ कशाची, ते पाहू. एरवी साधारण पेरूएवढे असणारे गर्भाशय बाराव्या आठवड्याच्या सुमारास पपनसाएवढे होऊन ओटीपोटाच्या हाडांवर डोके काढू लागते. ते वाढताना त्याचे स्नायू आणि त्याला धरून ठेवणारे बंध ताणले जातात. पाळी येण्यापूर्वी दुखते तसे बारीक दुखते, कंबर भरून येते. गर्भ टिकविणाऱ्या संप्रेरकामुळे आतड्यांची गती मंदावते, म्हणून पोटात वायू धरतो व शौचास साफ होत नाही. त्याच्याही कळा येतात. ज्या बाजूच्या बीजकोशातून बीज सुटले, त्या बाजूस काही आठवडे किंचित ठसठसही जाणवते. थांबून थांबून येणारे, विश्रांतीने वा कूस बदलल्याने निवणारे, रक्तस्राव नसलेले असे दुखणे बहुतेक गर्भवतींना कमीअधिक प्रमाणात होते आणि त्यातून बाळाला अपाय होत नाही.

मुमताजमहलचा मृत्यू आणि ही कळ यांचा काडीचाही संबंध नाही. १६१२ मध्ये तिचा विवाह झाला. तेव्हापासून एकोणीस वर्षांत चौदा बाळंतपणे, आणि अखेरचे तर फार लांबलेले. तो नऊ महिने भरल्यानंतरचा, प्रसूतीचा धोका होता. तो धोका आजही सर्वस्वी नाहीसा झालेला नाही. २०१८ ते २०२० या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे भारतात ९७ आणि आपल्या मध्य प्रदेशात १७३ माता दगावल्या. ही संख्या लाजिरवाणीच आहे. तथापि तिची दुसरी बाजू अशी, की लाखात ९९,८०० हून अधिक माता सुखरूप घरी परतल्या. भीतीच्या क्षणी हा आकडाही आठवावा.

आता ज्या दुखण्याची वाट पाहत बसू नये ते सांगितले पाहिजे. शंभर गर्भधारणांत एखाददुसरा गर्भ गर्भाशयात न रुजता बहुधा बीजवाहिनीत रुजतो. ती नळी अरुंद. सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास ती फुटून पोटात रक्त साचू शकते. एका बाजूला तीव्र व वाढत जाणारी कळ, खांद्याच्या टोकाशी दुखणे, घेरी येणे, दरदरून घाम सुटणे, ही त्याची लक्षणे होत. बाहेरून रक्त दिसेलच असे नाही. लघवीच्या तपासणीवरून दिवस राहिल्याचे कळते, गर्भ कोठे आहे ते कळत नाही. ते सोनोग्राफीतच दिसते. याखेरीज ओल्या घडीएवढा रक्तस्राव, गाठी पडणे, ताप, लघवीला आग, पाणीही न ठरणारी उलटी, यांपैकी काहीही असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. घेरी आणि तीव्र कळ असल्यास रात्र असली तरी १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. ज्या घरात दिवस राहिल्याचे कोणालाच सांगितलेले नाही, त्या घरात ही कळ ‘पित्त झाले असेल’ म्हणून ओवा-सोडा देण्यात मोलाचे तास जातात. मौनाची खरी किंमत ही आहे.

गर्भपाताची भीतीही मनात असतेच. लक्षात आलेल्या शंभर गर्भधारणांपैकी दहा ते वीस आपोआप ढळतात. त्यांतील बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत. अशा गर्भांपैकी निम्म्याअधिकांत गुणसूत्रांची जुळणीच मुळात चुकलेली असते. जिना चढल्याने, पाण्याचा हंडा उचलल्याने, रडल्याने वा भांडण झाल्याने तसे घडत नाही. म्हणून ज्या भगिनीच्या वाट्याला पूर्वी हे दुःख आले असेल, तिने स्वतःला दोष देऊ नये आणि घरच्यांनीही ‘तूच सांभाळले नाहीस’ हे वाक्य कधी उच्चारू नये. अशा बाईला पुढच्या खेपेस अधिक भीती वाटणे स्वाभाविक आहे. सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाचे ठोके दिसले, की धोका पुष्कळ कमी होतो, आणि मनही थाऱ्यावर येते.

रोजच्या काळजीसाठी काही साधे उपाय आहेत. एक छोटी वही ठेवावी. कळ केव्हा आली, कोठे, किती वेळ राहिली, कशाने थांबली, हे दोन ओळींत लिहावे. लिहिल्याने भीतीला आकार येतो आणि डॉक्टरांनाही नेमके सांगता येते. कळ आली असता कुशीवर पडून गुडघे पोटाशी घ्यावेत, श्वास सावकाश सोडावा; कोमट शेक चालतो, कडक नको. पाणी, ताक, भाजी-फळे पोटात जाऊ द्यावीत. वेदनाशामक गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये. कोणती चालेल ते डॉक्टरांना विचारावे. शेजारणींच्या बाळंतपणाच्या भयकथा ऐकण्याचे नम्रपणे टाळावे. पंधरा दिवसांहून अधिक झोप उडाली, अन्न गोड लागेनासे झाले, तर तेही दुखणेच समजून डॉक्टरांना सांगावे. १४४१६ या क्रमांकावर मनाच्या तक्रारींसाठी विनामूल्य सल्ला मिळतो.

रिवाज मोडा, असे आमचे म्हणणे नाही. गावभर वार्ता न करणे हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा भाग आहे. परंतु आरोग्यखाते नावनोंदणी करण्यास सांगते तीही पहिल्या बारा आठवड्यांतच, हे ध्यानात घ्यावे. तेव्हा पती, घरातील एक वडील स्त्री आणि डॉक्टर अथवा आशाताई, एवढ्या तिघांना पहिल्याच महिन्यात सांगावे. पतीने तपासणीस सोबत जावे. ‘बायकांचे काम’ म्हणून बाहेरच्या बाकावर बसून राहू नये. आणि सासूबाईंनी “काय गं?” एवढ्यावर न थांबता आणखी एक प्रश्न विचारावा, “पोटात दुखतंय का? माझ्याही वेळी दुखायचं. चल, डॉक्टरांना विचारून येऊ.”

मुमताजमहलच्या उशाशी बादशाही होती, हकीम होते. पण आज जिल्ह्याच्या ठिकाणी मिळणारे रक्त, औषधे आणि शस्त्रक्रिया नव्हती. आपल्याजवळ ती आहेत. वेळीच बोललो, तर त्यांचा उपयोग होईल.