कराराच्या टेबलावर आपलं कोण बसलंय?

हंगामात उंद्री परिसरातल्या कुठल्याही ओट्यावर बसा, बोलणं फिरून फिरून भावावर येतं. सोयाबीनचा हमीभाव 2025-26 साठी क्विंटलला 5,328 रुपये जाहीर झाला होता, तरी खुल्या बाजारात माल त्याच्या खालीच विकला गेला. लांब धाग्याच्या कापसाला 8,110 रुपये जाहीर होते, पण खेडा खरेदीवाला दारात येऊन वेगळाच आकडा सांगत होता. मग कोणी व्यापाऱ्याला बोल लावतो, कोणी सरकारला, कोणी नशिबाला. आम्हाला वाटतं, यातलं थोडं गणित नीट समजून घ्यायला हवं. कारण आपल्या काट्यावरचा भाव बराचसा फार लांबच्या टेबलावर ठरतो.

आधी साधी गोष्ट. परदेशी माल देशात येतो तेव्हा सरकार त्यावर आयात शुल्क घेते. हे शुल्क म्हणजे शेताचा बांध. बांध उंच असेल तर बाहेरचं पाणी आत शिरत नाही, बांध फोडला की शिरतं. कापसावर 2021 पासून 11 टक्के शुल्क होतं. 19 ऑगस्ट 2025 ला सरकारने ते माफ केलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपल्याकडे वेचणी सुरू होऊन माल बाजारात येतो, नेमक्या त्याच महिन्यांत बांध उघडा होता. तेलाचंही तसंच. 30 मे 2025 ला कच्च्या सोयाबीन, पाम आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं. बाहेरचं तेल स्वस्त आलं की इथल्या सोयाबीनला कारखानदार जास्त भाव कशाला देईल?

कोणी म्हणेल, तेल स्वस्त झालं तर गरिबाच्या घरात फायदाच आहे. खरं आहे, आणि सूतगिरण्यांनाही स्वस्त रुई हवी असते. अमेरिकेने त्याच ऑगस्टमध्ये भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावलं होतं, त्यामुळे कापड उद्योग अडचणीत होता. पण मदत करायची तर ती सरकारी तिजोरीतून करता आली असती. इथे ती शेतकऱ्याच्या खिशातून झाली. आणि शेतकऱ्याचा भाव पडला की पहिली काटछाट होते वेचणीच्या मजुरीत. किलोवर वेचणाऱ्या बाया, ज्यात आपल्या मोहल्ल्यातल्या कितीतरी आहेत, त्यांना ना हमीभाव, ना मुदतवाढ.

आता मुख्य मुद्दा. वरची सूट कुठल्या कराराचा भाग नव्हती. ती सरकारने स्वतः दिली, म्हणून तिला शेवटची तारीख होती. करारात लिहिलेली सूट तशी नसते. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार 29 डिसेंबर 2022 पासून लागू आहे. त्यात दरवर्षी 51,000 टन कापूस शुल्काविना आणायची मुभा आहे. 170 किलोची गाठ धरली तर या 3 लाख गाठी होतात. देशाच्या उत्पादनापुढे हा आकडा लहान आहे, हे मान्य. पण उद्या भाव कोसळला तरी सरकारला एकट्याने हा बांध पुन्हा घालता येत नाही. करार मोडल्याचा ठपका येतो. म्हणूनच करारावर सही होण्याआधी बोलायला पाहिजे.

आणि तिथेच आपली पंचाईत आहे. आपल्या राज्यघटनेत शेती हा राज्यांचा विषय आहे, पण परदेशाशी करार करणं केंद्राच्या हातात. सही करण्यासाठी संसदेची मंजुरी लागत नाही. वाटाघाटी बंद दाराआड चालतात. उद्योगांच्या संघटनांना मत विचारलं जातं, त्यांचे तज्ज्ञ मंत्रालयात ये-जा करतात. बटईने शेती करणारा किंवा मालेगाव-भिवंडीत मीटरवर मजुरी घेणारा यंत्रमाग कामगार तिथे कोण पाठवणार?

फरक फक्त टेबलाचा नाही, दाद मागण्याचाही आहे. आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घेऊ. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यात एन्रॉनचा दाभोळ वीज प्रकल्प आला. 1993 मध्ये राज्य वीज मंडळाने वीजखरेदीचा करार केला. वीज इतकी महाग पडली की मे 2001 मध्ये मंडळाने ती घेणं थांबवलं. डिसेंबरमध्ये एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. तिच्या भागीदार बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपन्या. भारत-अमेरिका गुंतवणूक करार नव्हता, म्हणून त्यांनी मॉरिशसमधल्या आपल्या कंपन्या पुढे केल्या आणि भारत-मॉरिशस कराराच्या आधारे भारत सरकारला आंतरराष्ट्रीय लवादात खेचलं. 2005 मध्ये तडजोड होऊन त्यांना पैसे मिळाले. पण याच प्रकल्पाविरुद्ध 1997 मध्ये आंदोलन करून लाठ्या खाल्लेल्या, अटक झालेल्या गावकऱ्यांसाठी असा कुठला लवाद होता? करारात गुंतवणूकदाराला दार होतं, गावकऱ्याला नव्हतं.

जगातही हेच दिसतं. अमेरिका आपल्या कापूस शेतकऱ्यांना मोठं अनुदान देते, त्याने जगाचा भाव पडतो. ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि जिंकली. 2014 मध्ये अमेरिकेने ब्राझीलला 30 कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. माली, बुर्किना फासो, चाड, बेनिन या गरीब आफ्रिकी देशांनी 2003 पासून हीच तक्रार मांडली होती. त्या तडजोडीत त्यांचं नाव नव्हतं. कायदा सगळ्यांना सारखा होता, पण वकील आणि बदला घ्यायची ताकद ब्राझीलकडेच होती.

आपल्या दीनमध्ये कराराला फार वजन आहे. सूरह अल-बकराची 282 वी आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. त्यातली एक गोष्ट आम्हाला नेहमी थांबवते. मजकूर सांगायचा तो ज्याच्यावर देणं आहे त्याने, आणि तो दुबळा असेल तर त्याच्या पालकाने, इन्साफाने. म्हणजे ज्याच्या डोक्यावर बोजा, त्याच्या तोंडून कागद. आजच्या व्यापार करारांत बोजा उचलणारा कागद वाचायलाही शेवटी येतो.

मग काही करता येतं का? येतं. 4 नोव्हेंबर 2019 ला भारताने आरसेप या मोठ्या आशियाई करारातून माघार घेतली. त्याआधी देशभर शेतकरी आणि दूध उत्पादकांनी आवाज उठवला होता. त्यांचं म्हणणं दिल्लीत पोहोचलं होतं.

आपल्या पातळीवर तीन गोष्टी करू. पहिली, नवीन कराराची बातमी आली की त्यात कापूस, सोयाबीन, तेल, दूध यांबद्दल काय आहे ते विचारायचं. दुसरी, ग्रामसभेत ठराव करून तो खासदारांना पाठवायचा आणि संसदेत प्रश्न विचारायला सांगायचं. ठरावाला कायद्याचं बळ नाही, पण कागदावर नोंद राहते. तिसरी, हमीभावाचा हक्क सोडायचा नाही. सीसीआयच्या केंद्रावर कापूस द्यायचा तर कपास किसान अॅपवर वेळेत नोंदणी लागते आणि ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. ज्यांना मोबाईलवर जमत नाही, त्यांची नोंदणी शिकलेल्या पोरापोरींनी करून द्यावी. तेवढ्याने करार बदलणार नाही. पण घरचा माल मातीमोल जाणार नाही, आणि पुढच्या वेळी विचारायला आपण तयार असू, इन्शाअल्लाह.