त्यांच्यासाठीही दार उघडले
पाय घसरलेल्या बाईला क्षमा नाही, असे मानणाऱ्या समाजात पंडिता रमाबाई वाढल्या. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनी ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना मायेने सांभाळताना त्यांनी पाहिल्या. हे कशासाठी, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढे पुणे जिल्ह्यातील केडगावला त्यांनी अशाच स्त्रियांसाठी घर उघडले. नाव ठेवले ‘कृपासदन’. सुधारगृह नव्हे, कृपा! दारावरच्या शब्दानेही तिथे येणारीला खाली मान घालावी लागू नये, हे केवढे शहाणपण! १९०५ साली केडगावच्या प्रार्थनासभांत अनेक मुली रडत रडत आपली पापे बोलून दाखवू लागल्या. त्यांना कोणी घराबाहेर काढले नाही.