अपग्रेडनंतर डेटाबेस सर्व्हर सुरू न होणे

डेटाबेस सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवल्यावर सर्व्हर मुळात सुरूच न होणे किंवा सुरू होताच बंद पडणे, ही डेटाबेस व्यवस्थापनातील एक नेहमीची समस्या आहे. अशा वेळी साठवलेली माहिती नष्ट झाल्याचा समज सहज होतो. प्रत्यक्षात ती बहुधा डिस्कवर शाबूत असते आणि नव्या सॉफ्टवेअरने ती उघडण्यास हेतुपुरस्सर नकार दिलेला असतो. मोठी हानी होते ती या नकारानंतर घाईने केलेल्या उपायांमुळे.

नवी मुंबईतील संदर्भ

१९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने वसवलेल्या नवी मुंबईत ठाणे-बेलापूर पट्ट्यातील ऐरोली, रबाळे, महापे येथे अनेक डेटा सेंटर आहेत; पनवेल येथील योट्टा कंपनीचे केंद्र जुलै २०२० मध्ये सुरू झाले. भारतीय स्टेट बँकेचे माहिती तंत्रज्ञान केंद्रही बेलापूर येथे आहे. डेटा सेंटरमध्ये यंत्र ठेवणाऱ्या ग्राहकाला जागा, वीज आणि शीतकरण मिळते. डेटाबेसची जबाबदारी सहसा त्याच्याकडेच राहते. व्यवस्थापक यंत्रापासून दूर असल्यामुळे बिघाडाचे पहिले लक्षण त्याला अनेकदा ग्राहकाच्या तक्रारीतूनच कळते.

कारणे

सर्वांत ठळक कारण म्हणजे फाइलींच्या रचनेतील फरक. पोस्टग्रेस्क्यूएलच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीत डिस्कवरील अंतर्गत रचना बदलू शकते. आवृत्ती १४ ने तयार केलेली डेटा डिरेक्टरी आवृत्ती १६ ला दिल्यास सर्व्हर दोन्ही आकडे सांगून थांबतो. ही तुलना डिरेक्टरीतच ठेवलेल्या, केवळ आवृत्तीचा क्रमांक असलेल्या एका लहानशा फाइलवरून होते. तो क्रमांक हाताने बदलून सर्व्हरला फसवण्याचा मोह टाळावा, कारण त्याने आतील रचना बदलत नाही. माहिती पीजी-अपग्रेड या साधनाने किंवा निर्यात-आयात करून नव्या रचनेत न्यावी लागते. १४.१ वरून १४.२ अशा किरकोळ बदलात मात्र याची गरज नसते. कंटेनरमध्ये ‘लेटेस्ट’ अशी खूण वापरल्यास मुख्य आवृत्ती नकळत बदलते, हाही याच प्रकारातला प्रसंग.

दुसरे कारण कॉन्फिगरेशन फाइलमधील जुन्या ओळी. मायएसक्यूएल ८.० मधून क्वेरी कॅशे काढून टाकण्यात आला. त्यासंबंधीची एखादी ओळ उरली असल्यास सर्व्हर ‘अनोळखी व्हेरिएबल’ म्हणून थांबतो. पोस्टग्रेस्क्यूएल १२ मध्ये (२०१९) रिकव्हरी.कॉन्फ ही फाइल रद्द झाली आणि ती डिरेक्टरीत नुसती आढळली तरी सर्व्हर सुरू होत नाही. नव्या आवृत्तीसाठी न बसवलेले एखादे एक्स्टेंशन किंवा फाइलींची नक्कल करताना बदललेल्या परवानग्या यांमुळेही असेच घडते.

तिसरे कारण आदल्या बंद होण्याशी निगडित आहे. जुना सर्व्हर वीज जाऊन अचानक बंद पडला असेल, तर रिडू लॉगमध्ये अपुऱ्या राहिलेल्या नोंदी असतात. मायएसक्यूएल ८.० ला जुन्या ५.७ आवृत्तीचा असा लॉग आढळल्यास ते अपग्रेड नाकारते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे व नवी मुंबईचा वीजपुरवठा एकाच वेळी खंडित झाला होता. अशा प्रसंगी डेटा सेंटर जनरेटरवर चालतात, पण कार्यालयाच्या कोपऱ्यात ठेवलेल्या एकट्या सर्व्हरला ती सोय असेलच असे नाही. यावर उपाय सरळ आहे: जुनेच सॉफ्टवेअर पुन्हा बसवून सर्व्हर चालू करावा, त्याला सावरू द्यावे, व्यवस्थित बंद करावे आणि मगच अपग्रेड करावे.

निदान

सर्वप्रथम डेटाबेसचा स्वतःचा लॉग वाचावा. कार्यप्रणाली केवळ ‘सेवा अयशस्वी’ एवढेच सांगते, कारण मात्र डेटाबेसच्या लॉगमध्ये असते आणि तेही बहुधा शेवटच्या नव्हे तर पहिल्या त्रुटीच्या ओळीत. त्यानंतर डिस्कवर जागा शिल्लक आहे का, आणि चालू झालेला सर्व्हर खरोखर अपेक्षित डेटा डिरेक्टरीच वापरतो आहे का, हे पाहावे. डेबियन व उबुंटूवर पोस्टग्रेस्क्यूएलची नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीशेजारी बसते. जुनीने ५४३२ हा पोर्ट घेतलेला असल्यास नवीला सहसा ५४३३ मिळतो. नव्या, रिकाम्या डेटाबेसशी जोडणी झाली की सर्व तक्ते नाहीसे झाल्यासारखे वाटतात. ते जुन्या जागीच असतात.

धोकादायक उपाय

कोणताही प्रयोग करण्यापूर्वी सर्व्हर बंद ठेवून संपूर्ण डेटा डिरेक्टरीची नक्कल घ्यावी. पोस्टग्रेस्क्यूएलची प्रक्रिया-क्रमांकाची फाइल जुनी प्रक्रिया जिवंत असताना पुसल्यास दोन सर्व्हर एकाच माहितीवर लिहू लागतात. लॉग नव्याने सुरू करणारे पीजी-रीसेटवॉल हा अखेरचा मार्ग आहे. त्यानंतर माहिती ताबडतोब निर्यात करून नव्या डेटाबेसमध्ये भरावी लागते. मायएसक्यूएलमधील इनोडीबी-फोर्स-रिकव्हरीचे मूल्य १ ते ६ असते आणि ४ पासून पुढे माहितीची कायमची हानी होऊ शकते.

जुन्या आवृत्तीकडे परतणे

मायएसक्यूएल ८.० चे अपग्रेड पूर्ण झाल्यावर त्याच फाइलींवर ५.७ चालत नाही. परतण्याचा मार्ग आधी घेतलेल्या बॅकअपमधूनच जातो. पीजी-अपग्रेडच्या लिंक पद्धतीत फाइलींची नक्कल होत नसल्याने वेळ व जागा वाचते, परंतु नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुना सुरक्षितपणे चालवता येत नाही. याच साधनात प्रत्यक्ष बदल न करता केवळ सुसंगती तपासण्याची सोय आहे आणि ती जुना सर्व्हर चालू असतानाही वापरता येते.