तांबडी चामडी आणि आपलं गिरणगाव

गोरं व्हायच्या क्रीमच्या जाहिराती बघत वाढलेल्या प्रत्येकानं 'तांबडी चामडी' ऐकायलाच हवं! क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं 2024 चं हे गाणं. हाऊस संगीताचा एकसारखा ठोका, त्यावर अस्सल मराठी रॅप आणि उन्हात तळपणाऱ्या रंगाचा ठसठशीत अभिमान. मार्टिन गॅरिक्सचं 'ॲनिमल्स' काढणाऱ्या नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं ते प्रसिद्ध केलं. मराठीचा गंध नसलेलेही त्यावर रील करू लागले.

मुंबईच्या गिरणगावाला, म्हणजे लालबाग-परळला, ही ऐट नवी नाही. 1944 साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लालबावटा कलापथक उभारलं, डफ-तुणतुण्यावर गिरणी कामगाराला ताठ मानेनं जगायचं बळ दिलं. मराठी रॅपचं मूळ मला तिथंच दिसतं. तुमच्या चाळीत सध्या कोणतं मराठी रॅप वाजतंय? नक्की कळवा!